बरडावरचा तरवड : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४

ग्रामपंचायतीनं आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे दिलेलं काम असं: गावच्या ई-क्लासवर, म्हणजे चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवर, काय काय उभं आहे त्याची यादी. पुढच्या पावसाळ्यात तिथं झाडं लावायचा बेत आहे आणि त्याआधी 'झुडपं साफ' करायची आहेत. झुडपं म्हणजे तरवड. त्याच्याशिवाय तिथं फारसं काही नाहीच.

जागा पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाणाऱ्या हायवेपासून आत, पैनगंगेच्या खोऱ्यातला एक लांबट उतार. वर मुरूम, मधात गोटाळ, खाली नाल्याकाठी वाहून आलेली काळी माती. हिवराची चार-दोन झाडं, बोरी, रुई, नाल्याकडे घाणेरीचं रान. उरलेल्या सगळ्यावर तरवड, कुठे कमरेएवढा, कुठे डोक्याच्या वर. कोणत्याही कास्तकाराला विचारलं तर "बरड हाये बाप्पा" म्हणून तो पुढं चालायला लागतो.

पाऊस अजून नीट लागलेला नाही. उन्हाळ्यात करपलेल्या गवताचे नुसते बुडखे आहेत आणि तरवड मात्र हिरवा. अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, बाकी सारं वाळलं, तं हेच कावून हिरवं?" तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. नुसती यादी करून भागणार नाही असं दिसतं.

सुतळी आणि खुंट्या घेऊन दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखले. काही भर तरवडात, काही उघड्यावर. जानेवारीपर्यंत त्याच चौकोनांत परतपरत बघायचं.

२३ जून

पान. संयुक्त, पर्णिकांच्या जोड्या ८ ते १२, टोकाला एकटी पर्णिका नाही. पर्णिका दोन-अडीच सेंटिमीटरच्या, इतक्या दाटीवाटीनं बसलेल्या की शेजारणीची कड झाकते. प्रत्येक जोडीच्या मधोमध मधल्या दांड्यावर एक बारीक उभी ग्रंथी. भिंगाशिवायही दिसते, पण कुठे बघायचं ते माहीत हवं.

ओळखायची सगळ्यात पक्की खूण वेगळीच आहे. पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना रुंद, गोलसर उपपर्णं असतात, कानाच्या पाळीसारखी, आणि ती लवकर गळून पडत नाहीत. बहावा, टाकळा, कासोद ही सगळी ह्याची भावकी, पण असं उपपर्ण त्यांच्यात नाही. टाकळ्याला पर्णिकांच्या जोड्याही तीनच. शेंगा-फुलं नसताना ओळख पटवायची तर मुलांनी आधी पानाचं बूड बघावं.

संध्याकाळी उतरताना पर्णिका मिटायला लागल्या होत्या. टाकळ्यात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तरवडात कोणी बघत नाही.

७ जुलै

चार दिवस झड होती. आज उघाड. चौकोन मोजले.

गावची ढोरं चारणारे काका पळसाखाली बसले होते. आमची सुतळी बघून म्हणाले, "काय मोजून राह्यले सर? हे ढोरं खात नाई. बकरीबी तोंड लावत नाई. लईच उपाशी असली तं शेंडा कुरतडते न् सोडून देते." सोनामुखी ह्याच वंशातली, तिची पानं जुलाबासाठी देतात हे मुलांना सांगितलं. तरवडाच्या सालीत तर टॅनिन, म्हणजे कातडी कमवायला लागणारं तुरट द्रव्य, ठासून भरलेलं. चव बघायची हौस एका मुलानं भागवून घेतली आणि अर्धा तास थुंकत बसला.

उतारावर तरवडच का, ह्याचं अर्धं उत्तर काकांच्या त्या वाक्यात आहे. इथं कधीकाळी दुसरी झाडं होती. बोरी, हिवर, धावड्याचे खुंट अजून सापडतात. चराईत आणि सरपणात ती गेली, न खाल्लेला तरवड राहिला. म्हणजे तरवडानं जमीन बिघडवली नाही, बिघडलेल्या जमिनीवर तोच तग धरू शकला. गावात नेमकं उलटं बोललं जातं: "तरवड माजला म्हणून गवत गेलं." चौकोनांतून काय निघतं ते बघू.

आजची एक नोंद ह्या वादाच्या कामाची. उघड्या चौकोनात गवत उगवलं आहे पण नखभर. तरवडाच्या बुडाशी, फांद्यांच्या आत, मारवेल वीतभर आलेला. ढोराचं तोंड तिथवर सहज पोचत नाही.

२१ जुलै

नाल्याच्या खोलीकरणात काठाचा मुरूम उभा कापला गेला, त्यात तरवडाचं एक मूळ पूर्ण उघडं पडलं आहे. आयतं मिळालं. झुडूप माझ्या छातीएवढं. सोटमूळ सरळ खाली, मुरमातल्या फटीत शिरलेलं, आणि कापाच्या तळाशीही ते संपलेलं नाही. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर इथं लोंबत होतं. गवताची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, ती माती मे महिन्यात कोरडी ठाक होते. तरवड त्याच्या खालचं पाणी पितो.

मुलांनी मुळांवर गाठी शोधल्या. एकही सापडली नाही. शेजारच्या वावरातून धन्याला विचारून तुरीची दोन रोपं उपटली, त्यांच्यावर गुलाबी गाठी नुकत्याच धरलेल्या. दोन्ही मुळं शेजारी ठेवून फोटो घेतले.

हे नीट लिहून ठेवतो, कारण सरकारी पत्रकांपासून शाळेच्या निबंधांपर्यंत सगळीकडे एकच वाक्य फिरतं: शेंगवर्गीय झाड म्हणजे जमिनीला नत्र. तूर, हरभरा, मूग ह्यांच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात, खरं आहे. पण कॅसिया आणि सेना ह्या वंशांतल्या झाडांना सहसा अशा गाठी येतच नाहीत. बहाव्याला नाहीत, कासोदाला नाहीत, तरवडालाही नाहीत. दक्षिणेत तरवडाचा पाला धानाच्या बांध्यांत हिरवळीचं खत म्हणून तुडवतात, पण त्यातला नत्र हवेतून धरलेला नसतो. मुळांनी तो खालून वर आणलेला असतो. झाडाची बाजू घ्यायची म्हणून खोटं श्रेय द्यायचं नाही.

४ ऑगस्ट

पाऊस. प्रयोगशाळेत बसून नावांचं काम.

१७५३ साली लिनियसनं ह्याला कॅसिया ऑरिक्युलाटा नाव दिलं. पुढं रॉक्सबर्गनं सेना वंशात टाकलं, तरी दीडशे वर्षं बहुतेक पुस्तकांत कॅसियाच राहिलं. १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नेबी ह्यांनी फुलातल्या पुंकेसरांचे देठ, शेंगेची ठेवण वगैरे बघून जुना अवाढव्य कॅसिया वंश तीन ठिकाणी वाटला: कॅसिया, सेना आणि कॅमीक्रिस्टा. बहावा कॅसियात राहिला, तरवड आणि टाकळा सेनात गेले. वाटणी मुळाशीही जुळते. गाठी येतात त्या कॅमीक्रिस्टाला.

२०१७ मध्ये अख्ख्या शिंबावंत कुलाची सहा उपकुलांत नव्यानं मांडणी झाली. बाभूळ आणि तरवड आता एकाच सीसॅल्पिनिऑइडी उपकुलात आहेत. आमच्या पाठ्यपुस्तकात अजून जुनी तीन उपकुलंच आहेत. मुलांना दोन्ही सांगितली. परीक्षेत जुनं लिहा म्हणालो, काय करणार.

१८ ऑगस्ट

कळ्या दिसायला लागल्या. पानांवरच्या ग्रंथींवर मुंग्यांची वर्दळ. ग्रंथीतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठी फेऱ्या मारतात. फुलात मध नाही, पानावर आहे, अशी उलटी सोय. ह्या बदल्यात मुंग्या अळ्या हुसकतात, असं ह्या प्रकारच्या ग्रंथींबद्दल सर्वसाधारणपणे मानलं जातं.

इथं मात्र मुंग्या असूनही अळ्या होत्याच. हिरव्या, बाजूनं फिकट रेघ असलेल्या, पानाच्या दांड्याला लगटून बसलेल्या. एमिग्रंट फुलपाखरांच्या. दोन पाळून बघायला नेल्या. पिवळी छोटी ग्रास यलो फुलपाखरंही पानापानावर थांबत होती, तीही ह्याच पाल्यावर अंडी घालतात. बकरी सोडून देते तो पाला ह्या अळ्यांना चालतो.

२ सप्टेंबर

पोळा. काम नाही. फक्त एवढं टिपून ठेवतो की बैल धुवायला नाल्यावर नेताना वाटेतला तरवड पिवळा झाला आहे.

१५ सप्टेंबर

फुलांचा दिवस. सकाळी सातपासून अकरापर्यंत बसलो.

फूल जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद. पाच पाकळ्या, पिवळ्याजर्द, कडा किंचित चुरगळलेल्या, शिरा नारिंगी. पुंकेसर दहा पण सारखे नाहीत. वरचे तीन वांझ, त्यांच्यात पराग नाहीतच. मधले चार आखूड. खालचे तीन लांब, जाड, वाकलेले. आणि परागकोश उभा चिरत नाही, टोकाला एक भोक असतं, त्यातूनच पराग बाहेर पडतात. म्हणजे माशी नुसती बसून उपयोग नाही, हलवावं लागतं.

हलवणारा कोण ते साडेसातला कळलं. मोठा काळा भुंगा, लाकूड पोखरणारा. उडताना त्याचा आवाज खर्जातला. फुलावर आला, पायांनी आखूड पुंकेसर घट्ट धरले, पंख मिटले आणि आवाज एकदम चढला. पंख स्थिर ठेवून तो छातीचे स्नायू थरथरवतो, त्या कंपनानं परागकोशातली धूळ भोकातून उडते. आखूड पुंकेसरांचे पराग तो पोटाला लावून घरी नेतो, लांब पुंकेसरांचे त्याच्या पाठीला-बाजूला चिकटतात आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीला लागतात. एकाच फुलात खाण्याचे वेगळे आणि पाठवण्याचे वेगळे. मुलांना हा आवाज इतका आवडला की डोळे मिटून भुंगा बसला की उडतोय ते ओळखायचा खेळच सुरू झाला.

निळ्या पट्ट्यांच्या चपळ माश्यांनाही हे जमतं. मधमाश्यांना जमत नाही. त्या भुंगा गेल्यावर येतात आणि पाकळ्यांवर सांडलेलं गोळा करतात. अळशीच्या किंवा तिळाच्या वावरात मधमाशीला जो मान आहे तो इथं भुंग्याला द्यावा लागेल, आणि भुंग्याला घर करायला वाळलेलं लाकूड लागतं. उतारावरचा वठलेला हिवर पाडायची चर्चा आहे. तो राहू द्या असं ग्रामपंचायतीला द्यायच्या अर्जात टाकायचं.

आणखी एक. काही फुलांत स्त्रीकेसर डावीकडे वळलेला, काहींत उजवीकडे, आणि दोन्ही प्रकार एकाच झुडपावर. भुंग्याच्या एका बाजूला लागलेले पराग विरुद्ध वळणाच्या फुलात कामी येतात. मुलांनी डावी-उजवी मोजली, साधारण निम्मी-निम्मी निघाली.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. सकाळी बरडावर आमच्याआधी बाया पोचलेल्या. घटावर सोडायच्या माळेला तरवडाची फुलं लागतात. ज्या झुडपाला वर्षभर कोणी विचारत नाही त्याच्याभोवती आज गर्दी. एका आजीनं विचारलं, "सर, हे सारं काढणार म्हणते पंचायत, मंग माळ कायची करावं?" त्यांना ग्रामसभेला यायला सांगितलं.

८ ऑक्टोबर

हायवेवरून ऑटोनं पाच-सहा बाया आल्या, तेलुगू बोलणाऱ्या, पाटणबोरीकडच्या. बतुकम्मासाठी फुलं न्यायला. पैनगंगेच्या पलीकडे ह्या दिवसांत ताटात फुलांचे थर रचून त्याभोवती फेर धरतात, आणि त्यात तंगेडूची, म्हणजे ह्याच तरवडाची फुलं असलीच पाहिजेत. २०१४ मध्ये वेगळं झाल्यावर तेलंगणानं त्याला राज्यफुलाचा मान दिला. नदीच्या अलीकडे 'झुडपं साफ' आणि पलीकडे राज्यफूल, ही गंमत सरपंचांना सांगितली. ते हसले. म्हणाले, "मंग तिकडंच पाठवून द्या."

एका मावशींनी फांद्या मोडल्या, ओरबाडल्या नाहीत. गाठीच्या वर मोडायची म्हणजे खालून दोन फुटतात, असं त्यांनी मोडक्या मराठीत दाखवलं. आम्ही लगेच काही मोडलेल्या फांद्यांना दोरे बांधले.

२७ ऑक्टोबर

चौकोनांची मोठी मोजणी. दिवाळीच्या आधी उरकली.

उघड्या चौकोनांत गवत चरून जमिनीशी सपाट. कुसळी आहे, कारण तिला कुसळं धरली की ढोरं टाळतात. तरवडाच्या आतल्या भागात मारवेल आणि पवन्या पूर्ण बी धरून उभे. शिवाय तिथंच कडुनिंबाची रोपं, हिवराची एक-दोन, बोरीची पुष्कळ. पाखरं फांदीवर बसतात, बी टाकतात, खाली सावली आणि पालापाचोळा असतो, बकरी आत शिरत नाही. उघड्यावर एकही रोप वीतभराच्या वर गेलेलं नाही.

"तरवड माजला म्हणून गवत गेलं" ह्याला आता आकडे दाखवता येतील. पण सरसकट नाही. तरवड जिथं अगदी एकमेकांत गुंतला आहे तिथं खाली गवत नाही, नुसता पाला. त्या पट्ट्यात काही झुडपं काढावीच लागतील. काकांचं म्हणणंही पूर्ण चूक नाही: ढोरांना फिरायला जागा कमी होते, आणि ई-क्लास चराईसाठीच असते.

१० नोव्हेंबर

गावातले एक म्हातारे बाबा तरुणपणी कातडी कमवायचे. त्यांच्याकडे मुलांना घेऊन गेलो. साल कशी काढायची ते त्यांनी एका फांदीवर दाखवलं: जून खोडाची नाही, बोटभर जाडीच्या फांदीची, ठेचून सोलायची. "बाभळीनं काळपट होते, तरवडानं गोरं होते कातडं. पण उन्हात ठेवलं का लाल पडते. म्हून शेवटी हिरडा."

हे तंतोतंत खरं आहे. तरवडाच्या सालीत टॅनिन साधारण १८ टक्के, आणि मद्रासकडचे जुने कारखाने हीच साल वापरून कातडी परदेशी पाठवत. उजेडात तांबूस पडू नये म्हणून शेवटचा हात हिरड्याचाच. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटल बाभळीची साल स्वस्तात यायला लागली आणि तरवड मागं पडला. बाबांना हा इतिहास सांगितला तर म्हणाले, "आमच्याइथं तं क्रोम आलं न् धंदाच गेला." क्रोम म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमवणं.

मधुमेहावर फुलांचा काढा देतात का, असं दोघांनी विचारलं. देतात, विशेषतः तमिळनाडूत, आणि आयुर्वेदात आवर्तकी म्हणून त्याची नोंदही आहे. पण चालू गोळ्या बंद करून काढा पिऊ नका, डॉक्टरांना विचारा, एवढंच मी सांगतो. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकानं त्यापुढं जाऊ नये.

८ डिसेंबर

शेंगा वाळल्या. सात ते अकरा सेंटिमीटर, चपट्या, कागदी, आत प्रत्येक बीला वेगळा कप्पा, शेंगेत १२ ते २० बिया. बऱ्याच बियांना भुंगेऱ्यांची भोकं. चांगल्या निवडून तीन वाटण्या केल्या: कोरड्या, पॉलिश पेपरवर घासलेल्या, आणि उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या. वरचं टरफल कडक असतं, पाणी आत जात नाही, म्हणून हा खटाटोप.

ऑक्टोबरात दोरे बांधलेल्या बहुतेक फांद्यांना खालून फूट.

२२ डिसेंबर

घासलेल्या आधी उगवल्या, गरम पाण्यातल्या मागोमाग. कोरड्यांतल्या बऱ्याचशा तशाच पडून. थंडीमुळे सगळंच हळू आहे, फेब्रुवारीत परत लावून बघू. मुरमाड मातीतली रोपं कुंडीतल्या खतावरच्या रोपांपेक्षा बुटकी, पण मूळ दुप्पट लांब.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मुलींनी चौकोनांचा तक्ता मांडला, मुळांचे दोन फोटो फिरवले. माळेवाल्या आजी आल्या होत्या, बोलल्याही. ढोरकी काका विरोधात बोलले: दाट पट्ट्यातून गायींना जाता येत नाही, रानडुकरं लपतात, रात्री वावरात घुसतात. हा रानडुकरांचा मुद्दा आमच्या वहीत नव्हता आणि त्याला मान्यता मिळाली, मिळायलाच हवी होती.

ठरलं ते असं. वावरांना लागून असलेली दाट पट्टी मोकळी करायची, पण मुळासकट उपटायची नाही, कापायची. नाल्याकाठची घाणेरी खणून काढायची. वरच्या मुरमावरचा तरवड ठेवायचा आणि रोपांचे खड्डे त्याच्या पूर्वेच्या अंगाला घ्यायचे, म्हणजे दुपारनंतरचं ऊन झुडूप अडवेल. कडुनिंब आणि हिवर वर, करंज नाल्याकडे. वठलेला हिवर राहील. खड्डे मशीननं एका ओळीत पाडायचा आग्रह एका साहेबांनी धरला होता, कारण मोजायला सोपं जातं. सरपंच म्हणाले, "सर, तुम्ही खुणा मारून द्या, मशीन खुणेवर नेतो."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी खुणा. फक्की ग्रामपंचायत देणार, टेप आणि सुतळी आमची. अकरावीच्या मुलांची तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात आहे, म्हणून बारावीतून चौघं मागून घेतली.